वॉल्डेमार हाफकिन

वॉल्डेमार मोर्डेकाय वोल्फ हाफकिन (१५ मार्च १८६०, ओडेसा – २६ ऑक्टोबर १९३०, लोझान) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले ज्यू सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ होते. पटकी (कॉलरा) आणि प्लेग या दोन रोगांवरील प्रतिबंधक लशी त्यांनी तयार केल्या. दोन्ही लशी त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतल्या आणि त्यानंतर भारतात हजारो लोकांवर त्यांच्या चाचण्या घेतल्या. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. मराठी लेखनात त्यांचे आडनाव हाफकिन, हाफकीन व हाफकाईन असे निरनिराळ्या प्रकारे आढळते. या लेखात संस्थेच्या नावात रूढ असलेले पहिले रूप वापरले आहे.

लस शोधणारे म्हणून हाफकिन यांचा उल्लेख शालेय पुस्तकांत येतो. परंतु लस सुरक्षित आहे काय आणि ती खरोखर रोग टाळते काय, हे टोचलेल्या व न टोचलेल्या माणसांची शेजारी शेजारी मोजदाद करून ठरविण्याचा आग्रह त्यांनी धरला, ही त्यांची कामगिरी लशींच्या शोधाइतकीच मोठी आहे. पुढे त्यांच्यावर आलेला ठपकाही लशीच्या सुरक्षिततेच्या प्रश्नावरूनच आला.

प्रारंभिक जीवन

हाफकिन यांचे शालेय शिक्षण अझोव समुद्राकाठच्या बेर्द्यान्स्क या गावी झाले. त्यानंतर त्यांनी ओडेसा येथील विद्यापीठात निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. तेथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक असलेले इल्या मेच्निकोव्ह हे त्यांचे गुरू होत. शरीरातील काही पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळून टाकतात, हा सिद्धान्त मांडून पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे ते हेच मेच्निकोव्ह.

विद्यार्थिदशेत हाफकिन झारविरोधी क्रांतिकारक चळवळीकडे ओढले गेले. १८८१ साली ज्यूविरोधी दंगली उसळल्या तेव्हा ज्यू वस्तीचे रक्षण करणाऱ्या तरुणांत ते होते. त्यात ते जखमी झाले व त्यांना अटकही झाली. मेच्निकोव्ह यांनी रदबदली करून त्यांना सोडविले. पदवी मिळाल्यानंतर त्यांनी ओडेशाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काम केले. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास विद्यापीठात बढतीचा मार्ग मोकळा होता. तो त्यांनी नाकारला. १८८८ साली देश सोडून ते जिनिव्हा येथे गेले आणि तेथून पॅरिसला पोहोचले.

पॅरिस आणि पटकीची लस

लुई पाश्चर यांच्या संस्थेत हाफकिन यांना प्रथम मिळालेली जागा संशोधकाची नव्हती, ती ग्रंथालयातील साहाय्यकाची होती. फावल्या वेळात ते प्रयोगशाळेत काम करीत. एकपेशीय प्राण्यांना होणाऱ्या संसर्गाचा अभ्यास करता करता ते पटकीच्या जंतूंकडे वळले.

त्या काळी पटकीवरील लशीला चांगले नाव नव्हते. १८८५ साली स्पेनमध्ये हायमे फेरान या वैद्याने हजारो लोकांना जिवंत जंतू टोचले होते. परंतु कोणाला टोचले, कोण आजारी पडले, याची विश्वासार्ह नोंद नसल्याने आणि लस बनविण्याची रीतही स्पष्ट न झाल्याने वैद्यकीय जगाने त्यांचे काम बाजूस सारले. हाफकिन यांनी दोन टप्प्यांची लस तयार केली. पटकीचे जंतू गिनीपिगच्या उदरपोकळीतून एकामागून एक ३९ वेळा नेऊन त्यांनी त्यांची तीव्रता वाढविली. दुसरीकडे अधिक उष्णतेत व हवेच्या झोतात वाढवून तेच जंतू दुर्बळ केले. आधी दुर्बळ लस टोचायची आणि सुमारे सहा दिवसांनी तीव्र लस, असा क्रम त्यांनी ठरविला.

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या, आणि काही दिवसांत प्रकृती पूर्ववत झाली. त्यानंतर पॅरिसमधील काही रशियन मित्रांनीही लस टोचून घेतली. महिनाअखेरीस त्यांनी हे निष्कर्ष पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे ठेवले.

येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. स्वतःला टोचून घेतल्याने फार तर लस मारक नाही एवढे कळते. ती रोग टाळते की नाही, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. त्यासाठी जेथे रोग दरवर्षी येतो अशी भूमी हवी होती. त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत असलेले लॉर्ड डफरिन हे पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांनी हाफकिन यांना भारतात जाण्याचा मार्ग खुला करून दिला.

बंगालमधील चाचण्या

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास आले. पहिली दोन वर्षे त्यांचा बराचसा काळ उत्तर भारतातील छावण्यांत गेला. सैनिकांची नावनिशीवार नोंद ठेवणे सोपे असले, तरी ज्या पलटणींना टोचले तेथे पटकी आलीच नाही, असेही अनेकदा घडले. रोगच न आल्यास तुलना कशाची करणार?

कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी विल्यम सिम्पसन यांच्या साहाय्याने १८९४ साली त्यांनी शहरातील बस्त्यांकडे मोर्चा वळविला. काट्टल बागान भागातील एका बस्तीत सुमारे २०० लोक राहत. त्यांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तेथे पुन्हा पटकी आली, तेव्हा आजारी पडलेले सर्वजण लस न घेतलेल्यांपैकी होते. वस्ती तीच, पाणी तेच, अन्नही सारखेच. फरक एवढाच की काहींना लस टोचली होती व काहींना नाही. सबंध वस्ती टोचून काढण्यापेक्षा अशी अर्धीमुर्धी टोचलेली वस्तीच शास्त्राच्या दृष्टीने अधिक बोलकी ठरते, हे हाफकिन यांना येथे पटले. भारतीय डॉक्टरांचे साह्य नसते तर या वस्त्यांत त्यांना पाऊलही ठेवता आले नसते.

१८९५ च्या मध्यापर्यंत सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी लस टोचली होती. हिवतापाने प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना काही काळ युरोपात परतावे लागले. १८९६ च्या प्रारंभी ते पुन्हा भारतात आले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले. शासनाने हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावून घेतले आणि ७ ऑक्टोबर रोजी ते मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील पेटिट प्रयोगशाळेत त्यांना एक खोली आणि तिच्यालगतचा व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. शहरातून लोक मिळेल त्या वाहनाने पळत होते. अशा दिवसांत त्या व्हरांड्यात प्लेगच्या जिवंत जंतूंची लागवड चालू होती.

लस तयार करण्याची त्यांची रीत मराठी वाचकाला विशेष कुतूहलाची वाटेल. जंतू वाढविण्यासाठी लागणारा रस्सा युरोपात गोमांसाचा करीत. येथे तो हिंदूंना चालला नसता आणि डुकराचे मांस मुसलमानांना चालले नसते, म्हणून हाफकिन यांनी बोकडाचे मांस वापरले. रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. पुढे खोबरेल तेलही वापरले जाऊ लागले. या थेंबांच्या खालच्या बाजूस प्लेगचे जंतू चिकटून वाढत आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुन्याच्या सुळक्यांप्रमाणे खाली लोंबू लागत. काचपात्र हलविले की ते तुटून तळाशी जात आणि तुपाखाली नवे पीक येई. असे काही आठवडे केल्यावर रस्सा सुमारे ६५ अंश सेल्सिअसवर तासभर तापवून जंतू मारीत आणि तो टिकावा म्हणून त्यात कार्बोलिक आम्ल मिसळीत. पटकीच्या लशीतील जंतू जिवंत होते. प्लेगच्या लशीतील जंतू मेलेले होते. मृत जंतूंची शरीरे आणि त्यांनी रश्शात सोडलेली विषद्रव्ये अशी दोन्ही लशीत असावीत, असा त्यांचा कटाक्ष होता. एकामुळे रोग टळतो व दुसऱ्यामुळे झालेला रोग सौम्य होतो, अशी त्यांची धारणा होती.

डिसेंबरपर्यंत सशांवरील प्रयोग यशस्वी झाले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लस स्वतःला टोचून घेतली. डॉ. सर्व्हेयर यांनी ती टोचली व कॉलेजचे प्राचार्य साक्षीला होते. मात्रा १० घन सेंटिमीटरची होती. इतरांसाठी योजलेल्या मात्रेहून ती बरीच मोठी होती आणि त्यामागील विचार सरळ होता: मोठी मात्रा सोसली तर लहान मात्रेविषयी शंका राहू नये. त्यांना जोराचा ताप आला आणि टोचल्या जागी सूज व वेदना कित्येक दिवस राहिल्या. त्यानंतर कॉलेजातील अध्यापक, डॉक्टर व शहरातील काही प्रतिष्ठित मंडळी लस घेण्यास पुढे आली.

रक्त तपासून प्रतिकारशक्ती मोजण्याची साधने त्या काळी जवळजवळ नव्हती. शरीराने लशीची दखल घेतली की नाही, हे तापावरून आणि सुजेवरून ओळखावे लागे. ताप पुरेसा आला नाही तर मात्रा अपुरी, असे हाफकिन समजत व त्यानुसार मात्रा ठरवीत. आज हे मोजमाप ओबडधोबड वाटते. तेव्हाही त्यावर टीका झालीच.

तुरुंग, गावे आणि आकडे

जानेवारी १८९७ च्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीस तेथील सुमारे निम्म्या कैद्यांना लस टोचण्यात आली. टोचणीच्या वेळी ज्यांच्या अंगात रोग आधीच मुरला होता, त्यांना हिशेबातून वेगळे काढण्यात आले. त्यानंतर लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही बरे झाले. पुढील वर्षाच्या आरंभी उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना रांगेत बसवून एक सोडून एक टोचण्यात आले. तेथे न टोचलेल्यांपैकी १० आजारी पडून ६ मेले, तर टोचलेल्यांपैकी ३ आजारी पडले व एकही मेला नाही.

एक सोडून एक टोचण्यात हेतू असा की, धट्टेकट्टे एका बाजूस व अशक्त दुसऱ्या बाजूस असा पक्षपात होऊ नये. आज चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडतात, त्याचेच हे साधे रूप होय. तथापि कैद्याच्या संमतीला कितपत अर्थ असतो, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. पहाऱ्यात असलेल्या माणसाचा होकार मोकळ्या माणसाच्या होकाराइतका स्वतंत्र नसतो. हाफकिन यांच्या चाचण्यांचा गौरव करताना ही बाजू झाकू नये.

मुंबईबाहेर दमण, लोणावळे, खडकी, हुबळी, धारवाड येथेही टोचणी झाली. पोर्तुगिजांच्या ताब्यातील दमणमध्ये २,१९७ लोकांनी लस घेतली, त्यांपैकी ३६ मेले. लस न घेतलेल्या ६,०३३ लोकांपैकी १,४८२ मेले. आकडे डोळे दिपविणारे असले तरी त्यांवर आक्षेप घेता येतो. लस घेणारे अधिक सुस्थितीतील असतील, मोठ्या घरांत राहणारे असतील. साथीचा जोर ओसरताना टोचलेल्यांना मुळात धोकाच कमी असेल.

या आक्षेपाला उत्तर म्हणून १८९८ साली सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी केलेली चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे. तेथे घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस टोचली. म्हणजे एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी, एकाच ओसरीवर निजणारी माणसे दोन गटांत विभागली गेली. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग आला, त्यांत न टोचलेली ६४ माणसे होती. त्यांपैकी २७ आजारी पडली आणि २६ मेली. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ मेले. गरिबी, अंधार, उंदीर आणि दाटीवाटी दोन्ही गटांना सारखीच होती. त्यामुळे फरकाचे कारण लस सोडून दुसरे दाखविणे कठीण झाले. संरक्षण पूर्ण नव्हते, हेही याच आकड्यांतून दिसते व हाफकिन यांनी ते लपविले नाही.

लोकांचा विश्वास मिळणे मात्र सोपे नव्हते. १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये घरझडती, सक्तीने रुग्णालयात नेणे, सामान जाळणे असे उपाय शासनाने योजले. पुण्यात त्यातून निर्माण झालेल्या असंतोषाची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली. त्याच साथीत १० मार्च रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला होता. पुणे, नगर, सातारा भागांत लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. सरकारी माणसाच्या हातातील सुई त्यांना सरकारी दंडुक्याहून वेगळी वाटण्याचे कारण नव्हते. हाफकिन यांचा भर स्वेच्छेच्या टोचणीवर होता. आगाखान तिसरे यांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली व त्यानंतर हजारो खोजांनी ती घेतली. अशा उदाहरणांनी जे साधले ते हुकमाने साधले नसते.

परळची प्रयोगशाळा

मागणी वाढली तशी प्रयोगशाळेची जागा अपुरी पडू लागली. आगाखान यांनी दिलेल्या खुश्रू लॉज या बंगल्यात ती काही काळ होती. १८९९ साली परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये तिचे स्थलांतर झाले व १० ऑगस्ट रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते उद्घाटन झाले. मूळच्या पोर्तुगीज काळातील मठाचा हा वाडा मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होता. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा तेथे पटकीने मृत्यू झाला आणि गव्हर्नर मलबार हिलवर राहावयास गेले. पटकीमुळे ओस पडलेल्या वाड्यात पटकीवरील लशीचा जनक येऊन बसला, हा योगायोग म्हणावा लागेल.

१८९७ साली हाफकिन यांना सी.आय.ई. हा किताब व त्यानंतर दोन वर्षांनी ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. दरम्यान थॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय प्लेग आयोगाने त्यांच्या कामाची छाननी केली. लशीमुळे रोगाचे व मृत्यूचे प्रमाण घटते, हे आयोगाने मान्य केले. मात्र मात्रा प्रमाणित करण्याची पद्धत व काही ठिकाणच्या नोंदी यांवर त्याने बोट ठेवले.

मुलकोवाल

१९०२ साली पंजाबात मोठ्या प्रमाणावर टोचणीची मोहीम आखण्यात आली आणि परळहून प्रचंड प्रमाणात लस पुरविण्याची वेळ आली. उत्पादन वेगाने व्हावे म्हणून हाफकिन यांनी नवी रीत अवलंबिली. तिच्यात लस केवळ उष्णतेने निर्जंतुक केली जाई व कार्बोलिक आम्ल मिसळले जात नसे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही अशी रीत वापरात होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल (आज पाकिस्तानात) या गावी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना काही दिवसांनी धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. हे १९ जण ‘५३ एन’ या क्रमांकाच्या एकाच बाटलीतून टोचलेले होते. इतर बाटल्यांतून टोचलेल्या कोणासही धनुर्वात झाला नाही.

म्हणजे प्रश्न लशीच्या सूत्राचा नव्हता, एका बाटलीचा होता. धनुर्वाताचे जंतू त्या बाटलीत शिरले केव्हा? परळला भरताना, की मुलकोवालला उघडताना? मुंबईचे सरन्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली असावी असा निष्कर्ष काढला. कार्बोलिक आम्ल वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर व्हावे लागले आणि पुढे ते इंग्लंडला गेले.

चौकशीच्या कागदपत्रांत एक गोष्ट नोंदलेली होती. बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरलेला चिमटा त्या दिवशी साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो क्षणभर कार्बोलिक द्रावणात बुडवून पुन्हा वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात व अशा ओझरत्या बुडविण्याने ते मरत नाहीत. शिवाय बाटली परळला भरल्यास तोवर ४१ दिवस झाले होते. एवढे दिवस तिच्यात जंतू वाढले असते तर उघडताच दुर्गंधी आली असती. परंतु टोचणाऱ्या डॉक्टरांनी बाटली हुंगली होती व त्यांना तसे काही जाणवले नव्हते. लंडनच्या लिस्टर संस्थेच्या तज्ज्ञांनी पुराव्यांची फेरतपासणी केली, तेव्हा बाटली उघडताना दूषित झाल्याची शक्यताच अधिक ठरली.

ही कागदपत्रे प्रसिद्ध व्हायला १९०६ ची अखेर उजाडली. त्यानंतर हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल मिळविणारे रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू जोराने मांडली. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा वैज्ञानिकांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये आले आणि त्या वर्षअखेर हाफकिन दोषमुक्त ठरले. फ्रान्समधील ड्रायफस प्रकरणाशी या घटनेची तुलना अनेकांनी केली आहे. हाफकिन यांच्या ज्यू असण्याचा व रशियन पार्श्वभूमीचा या वागणुकीत कितपत वाटा होता, याविषयी चरित्रकारांत मतभिन्नता आहे. मात्र पाच वर्षे चाललेल्या या प्रकरणात पंजाबातील मोहीम बारगळली, हे निर्विवाद. १८९६ पासूनच्या दोन दशकांत भारतात सुमारे एक कोटी लोक प्लेगने मेले आणि त्यांत पंजाबचा वाटा फार मोठा होता. मुलकोवालच्या १९ बळींच्या मागे, भीतीमुळे लस न घेतलेल्या असंख्यांची गणती कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

क्षयरोगाची लस आणि हाफकिन यांची पद्धत

हाफकिन यांनी क्षयरोगावर काम केले नाही. तरीही क्षयाच्या लशींचा इतिहास वाचताना त्यांच्या आयुष्यातील प्रश्न पुनःपुन्हा समोर येतात. १८९० साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयावर ट्युबरक्युलिन हा उपाय जाहीर केला, परंतु त्याचे घटक गुप्त ठेवले. पुरेशी परीक्षा न झालेले ते औषध रुग्णांना टोचले गेले व अनेकांची प्रकृती बिघडली. पुढे तेच द्रव्य रोगनिदानाच्या त्वचाचाचणीसाठी उपयोगी ठरले. आल्बेर काल्मेत व कामिय गेरँ या फ्रेंच संशोधकांनी गुरांच्या क्षयाचे जंतू तेरा वर्षे पुनःपुन्हा वाढवून दुर्बळ केले आणि १९२१ साली त्यांची बी.सी.जी. लस प्रथम वापरली गेली. १९३० साली, म्हणजे हाफकिन यांच्या मृत्यूच्याच वर्षी, जर्मनीतील ल्युबेक शहरात बी.सी.जी. दिलेल्या सत्तरहून अधिक अर्भकांचा मृत्यू झाला. तेथील स्थानिक प्रयोगशाळेत लशीत क्षयाचे तीव्र जंतू मिसळले गेले होते, असे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. लशीचे मूळ वाण निर्दोष होते. मुलकोवालशी याचे साम्य सांगण्याची गरज नाही.

भारतात बी.सी.जी.चा वापर १९४८ पासून सुरू झाला. तमिळनाडूतील चेंगलपट्टू येथे १९६८ साली सुरू झालेल्या भव्य चाचणीत ही लस प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून संरक्षण देत नाही, असे आढळले. म्हणूनच नव्या लशींचा शोध चालू आहे. २०१९ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने महाराष्ट्रासह सहा राज्यांत, क्षयरुग्णांच्या घरातील निरोगी माणसांवर दोन लशींची चाचणी सुरू केली. बारा हजारांहून अधिक लोक तीन गटांत विभागले गेले: एका गटाला पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची व्हीपीएम १००२, दुसऱ्याला इम्युव्हॅक आणि तिसऱ्याला केवळ लशीसारखे दिसणारे निष्क्रिय द्रव्य. कोणाला काय मिळाले, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते व देणाऱ्यालाही नसते. अशा चाचण्यांत आधी थोड्या निरोगी माणसांवर सुरक्षितता पाहतात, मग रक्तातील पेशी जंतूंच्या अंशांना कसा प्रतिसाद देतात ते मोजतात, आणि त्यानंतरच हजारोंची तुलना होते. उंढेऱ्याच्या घराघरांत दोन गट पाडणाऱ्या हाफकिन यांना यांतील तिसरी पायरी लगेच ओळखू आली असती. दुसरीसाठी त्यांच्याजवळ तापमापकापलीकडे काही नव्हते.

अखेरची वर्षे आणि स्मृती

दोषमुक्त झाल्यावर हाफकिन भारतात परतले, परंतु मुंबईस नव्हे. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांना पद मिळाले. मात्र लस तयार करण्याची मुभा नव्हती. ज्या माणसाने तीन महिन्यांत प्लेगची लस उभी केली, त्याला सुमारे सात वर्षे केवळ सैद्धान्तिक संशोधनावर समाधान मानावे लागले. १९१५ च्या सुमारास सेवानिवृत्त होऊन ते युरोपात परतले.

ते अविवाहित होते. उत्तरायुष्यात त्यांचा ओढा ज्यू धर्माच्या आचारपरंपरेकडे वाढला व त्याविषयी त्यांनी लेखनही केले. आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांच्या विद्यार्थ्यांसाठी स्थापलेल्या निधीस दिली. त्या विद्यार्थ्यांना विज्ञान व एखादे हस्तकौशल्य शिकविले जावे अशी त्यांची इच्छा होती. १९२८ पासून ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहत असत. तेथेच २६ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

परळच्या प्रयोगशाळेचे नाव १९०६ साली ‘बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ असे झाले होते. १९२५ साली तत्कालीन संचालक एफ. पी. मॅकी यांच्या पुढाकाराने तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तोवर तेथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. १९३२ साली साहिब सिंग सोखी हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. लशींचे उत्पादन पुढे १९७५ साली स्थापन झालेल्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे गेले व संशोधन संस्थेकडे राहिले. १९६४ साली भारतीय टपाल खात्याने हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. परळच्या आचार्य दोंदे मार्गावर, टाटा स्मारक व के.ई.एम. रुग्णालयांच्या शेजारी, तो जुना वाडा आजही संस्थेच्या वापरात आहे.